पैशाचा हिशेब कोणत्या भाषेत?

धंद्याचं सॉफ्टवेअर जावामध्ये करावं, पायथनमध्ये की जावास्क्रिप्टमध्ये, हा वाद पुण्यात बहुतेक वेळा दोनच मुद्द्यांवर येऊन थांबतो: कोणती भाषा किती वेगवान आणि कोणत्या भाषेची माणसं बाजारात सहज मिळतात. हिशेबाच्या कामात ही दोन्ही मापं मला दुय्यम वाटतात. भाषेबरोबर मिळणाऱ्या लायब्ररी पैसा आणि तारीख कशी हाताळतात, हे आधी बघावं. याचा दाखला म्हणून नेहमी बँका पुढे केल्या जातात, पण पुणेकरांना त्याहून जवळचा दाखला कात्रजला आहे. 'कात्रज डेअरी' या नावानं ओळखला जाणारा पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ जो व्यवहार करतो, त्यात एका टोकाला गोठ्यातलं दूध आणि दुसऱ्या टोकाला दुकानातलं पनीर आहे. असा व्यवहार करणाऱ्या कोणत्याही संघाला लागणारं सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवलं, की भाषांमधले फरक स्पष्ट दिसू लागतात.

दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट वगळून उरणाऱ्या घन भागावर, ठरतो. समजा, साडेचार लिटर दूध आलं आणि दरपत्रकानुसार लिटरला ३३ रुपये ६५ पैसे भाव निघाला. गुणाकार होतो १५१.४२५ रुपये. पावतीवर ४२ पैसे छापायचे की ४३? शाळेतल्या रीतीनं ४३. पायथनची डेसिमल लायब्ररी मात्र काही न सांगता वापरली तर नेमका मधला आकडा जवळच्या सम अंकाकडे नेते आणि ४२ देते. सी शार्पचा डेसिमल प्रकारही तेच करतो. जावाचं बिगडेसिमल तर रीत सांगितल्याशिवाय आकडा छाटायलाच तयार होत नाही, सरळ एरर देतं. प्रोग्रामर यावर वैतागतात. मला हा त्या लायब्ररीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. जावास्क्रिप्टमध्ये अडचण याच्याही आधी सुरू होते. तिथला साधा आकडा द्विमान पद्धतीत साठवला जातो आणि त्या पद्धतीत एक दशांश नेमका मावत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ च्या किंचित पुढे जाते आणि १.००५ दोन दशांशांपर्यंत छापायला सांगितलं तर १.०० उमटतं. (१९६० च्या सुमारास आलेल्या कोबोलला दशमान हिशेब जन्मापासून येत होता. नव्या भाषांनी तो पर्यायी करून ठेवला.) एका पैशानं कुणी बुडत नाही, हे खरंच. पण गावच्या दूध संस्थेच्या यंत्रानं ४३ धरले आणि संघाच्या संगणकानं ४२, तर बिलाच्या वेळी दोन्हीकडच्या बेरजा जुळत नाहीत, आणि न जुळलेली बेरीज शोधण्यात जाणारा वेळ पैशात मोजावा लागतो.

सगळं पूर्णांक पैशांत साठवा, म्हणजे भाषेचा प्रश्नच मिटतो, असा एक आक्षेप घेतला जातो. किराणा दुकानाला हा तोडगा पुरेल. दुधात मात्र लिटर, फॅट आणि भाव हे तिन्ही अपूर्णांकी असतात, त्यामुळे गुणाकारानंतर कुठेतरी छाटणी करावीच लागते आणि ती कोणत्या रीतीनं, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

तारखांचा मामला अधिक फसवा आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या दही, लस्सी, ताकावर पाच टक्के जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पनीरवरचा पाच टक्के कर शून्य झाला आणि तुपावरचा बारावरून पाचवर आला. म्हणजे प्रत्येक दराला 'कधीपासून' ही नोंद हवी. २० सप्टेंबरला विकलेलं तूप ऑक्टोबरमध्ये परत आलं तर क्रेडिट नोट जुन्याच दरानं निघाली पाहिजे. आता जावास्क्रिप्टच्या मूळ तारीख-प्रकाराला नुसतं '२०२५-०९-२२' दिलं, तर तो ग्रीनिचची मध्यरात्र धरतो. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. दुधाच्या गाड्या त्याआधीच सुटतात. तेवढ्या वेळात निघालेल्या बिलांवर जुना कर लागेल आणि दिवसा चाचणी घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही! जावानं २०१४ साली आठव्या आवृत्तीत वेळेपासून आणि टाइमझोनपासून मोकळी, नुसती तारीख दिली. पायथनकडे ती त्याआधीपासून होती, सी शार्पला २०२१ साली मिळाली.

यावर जावास्क्रिप्टवाले म्हणतील की दशमान हिशेबाच्या आणि तारखांच्या उत्तम लायब्ररी बाहेरून फुकट घेता येतात. येतात, आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. पण बाहेरची लायब्ररी घेतली की तिच्या कर्त्याची मर्जीही पदरात पडते. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरनं 'लेफ्ट-पॅड' हा जेमतेम अकरा ओळींचा तुकडा मागे घेतला आणि जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास अडली. तारखांसाठी सर्रास वापरली जाणारी 'मोमेंट' लायब्ररी २०२० मध्ये तिच्याच कर्त्यांनी फक्त देखभालीवर ठेवली. जावा यातून सुटलेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या जावाच्या बाहेरच्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं, तेव्हा जावा वापरणाऱ्या कंपन्यांची झोप उडाली. फरक एवढाच, की जावात पैसा आणि तारीख या दोन गोष्टी भाषेच्या स्वतःच्या सामानात येतात. त्यांच्यासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

वेगाबद्दल फार बोलायला नको. संकलन केंद्रावरची रांग वजनकाट्यासाठी आणि प्रिंटरसाठी थांबते, पायथनसाठी नाही. माणसं मिळण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. लहान संस्थेला काम करून देणारा मुलगा बहुधा जावास्क्रिप्ट शिकलेला असतो आणि त्याला नाकारून संस्थेचं भलं होणार नाही. त्यानं पडदे आणि मोबाइल ॲप खुशाल जावास्क्रिप्टमध्ये करावेत, अहवाल पायथनमध्ये काढावेत. भाव, कर आणि बेरीज यांचा गाभा मी जावात किंवा सी शार्पमध्ये ठेवीन, आणि छाटणीची रीत करारातच लिहून घेईन.