खुळखुळा घेताना काय पाहाल?

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांचा गड्डा भरला की आमच्या जुळे सोलापुरातील दवाखान्यात दोन गोष्टी हमखास वाढतात. एक धुळीचा खोकला आणि दुसरी खेळणी. पिपाणी वाजवीत येणारे, फुगा दाराच्या कडीला बांधून आत येणारे, असे बालरुग्ण मला आवडतात. रडत तरी नाहीत.

अशाच एका संध्याकाळी एक आजी वर्षाच्या नातवाला सर्दीसाठी घेऊन आल्या. सोबत सून होती. सुनेच्या हातात होम मैदानावरून आणलेले, लाल-हिरवे दिवे लागणारे आणि कर्कश गाणे म्हणणारे प्लॅस्टिकचे खेळणे होते. "याला सेन्सरी टॉय म्हणतात म्हणे डॉक्टर. यानं मेंदू लवकर वाढतो, खरं काय ओ?" मी ते उलटे करून पाहिले. मागच्या झाकणाला स्क्रू नव्हता, ते नखाने उघडले. आत शर्टाच्या गुंडीएवढे तीन चपटे सेल होते. त्यांच्याविषयी पुढे सांगतो, कारण तो जिवाशी गाठ असलेला विषय आहे.

आधी मूळ प्रश्न. डोळा, कान, त्वचा, नाक, जीभ यांना काही नवे अनुभवायला देणारी कोणतीही वस्तू म्हणजे सेन्सरी टॉय. नाव इंग्रजी असले तरी वस्तू नवी नाही. मारिया माँटेसरी या मुळात डॉक्टर. त्या १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. इंद्रियांना वळण देणारी त्यांची साधने प्रसिद्ध आहेत, पण ती महाग. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम उभे केले, ते पुढे कोसबाडला गेले. त्यांनी गावात सापडणाऱ्या वस्तूंतूनच खेळाचे साहित्य तयार केले. म्हणजे पैसा नसला म्हणून काही अडत नाही.

वयाप्रमाणे भूक बदलते तसे खेळणेही बदलते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचेच जरा स्पष्ट दिसते. अंगावर पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो! त्या वयात दुसरे खेळणे नसले तरी चालते. फार तर काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्यांचे कापड दाखवा. चौथ्या महिन्याच्या आसपास हात वस्तूकडे जाऊ लागतो, तेव्हा मुठीत मावेल असा हलका खुळखुळा द्या. सहाव्या-सातव्या महिन्यात हाती येईल ते तोंडात जाते. आया याला वाईट सवय म्हणतात. ती सवय नव्हे, ती तपासणी आहे. म्हणून वस्तू धुता येणारी हवी. नवव्या-दहाव्या महिन्यात चिमटीत धरणे जमते आणि वाटीखाली लपवलेला चेंडू शोधण्यात मूल रमते. वर्षानंतर डब्यात भरणे, ओतणे, झाकण लावणे. दोन वर्षांनंतर वाळू, पाणी, कणकेचा गोळा.

सोलापूरकरांनी स्पर्शाचे खेळणे विकत घेणे म्हणजे तर मला गंमत वाटते. टॉवेलचा खरखरीत तुकडा, चादरीचा जाड काठ, आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा मऊ पदर आणि जरा रेशमी खण हे चार तुकडे एकत्र शिवून द्या. कडा दुमडून घट्ट शिवा, सुटे धागे ठेवू नका. झाले तुमचे सेन्सरी टॉय.

गाणे म्हणणारे खेळणे घ्यायचेच असेल तर ते आधी स्वतःच्या कानाशी धरा. तुम्हाला सहन होत नसेल तर बाळाला कसे होईल? आणि बटण दाबले की खेळणेच सगळे करून मोकळे होते, मुलाला बघत बसण्यापलीकडे काम उरत नाही. मेंदू झपाट्याने वाढविण्याचे जे दावे खोक्यावर छापलेले असतात, त्यांवर मी स्वतः एक रुपयाही खर्च करणार नाही.

आता माझी एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आले होते. "आवाजाकडं बघत नाही असं हिची आई म्हणते," असे म्हणत त्यांनीच समोर लाल खुळखुळा हलवला. मुलगी झटकन वळली. मीही समाधान मानले आणि त्यांना परत पाठवले. अडीच वर्षांची झाली तरी ती बोलेना, तेव्हा तपासणीत दोन्ही कानांनी ऐकू येत नसल्याचे निघाले. तिने खुळखुळा ऐकला नव्हता, पाहिला होता. बोलणे शिकण्याची मोलाची वर्षे माझ्या घाईने गेली. तिच्या आईचे म्हणणे बरोबर होते.

म्हणून खुळखुळा नेहमी मुलाच्या मागून, बाजूने, दिसणार नाही असा वाजवून पाहा. सावली किंवा वारा लागू देऊ नका. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळले पाहिजे. वळत नसेल तर "त्याचे वडीलही उशिरा बोलले" असे म्हणत थांबू नका, कानाची यंत्राने तपासणी करून घ्या. आणि वळले तरी आईला शंका असेल तर तपासणी कराच, कारण खुळखुळा म्हणजे काही यंत्र नव्हे. तसेच नावाने हाक मारली तरी मूल बघत नसेल, कुकरच्या शिट्टीला कान दाबून किंचाळत असेल, किंवा गाडीशी न खेळता फक्त तिचे चाक तासन्‌तास फिरवीत असेल तर नवे खेळणे आणून भागणार नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेथेही सांगता येते.

खरेदी करताना १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे, ते बघा. नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळणे ओळखीच्या, भरवशाच्या ठिकाणाहून घ्यावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरला तर ते परत द्या. रंग उतरला नाही म्हणजे त्यात शिसे नाही, असे मात्र समजू नका.

सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावेल अशी वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या श्वासनळीत अडकू शकते. दहा रुपयांच्या नाण्याहून ही रुंदी जेमतेम थोडी जास्त. गोट्या, मणी, चिंचोके, खेळण्याचे उपटलेले डोळे, सगळे यात आले. फुटलेल्या फुग्याचे तुकडे ताबडतोब उचला. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरातच नकोत, ते पोटात जाऊन फुगतात आणि आतडे अडवतात.

आणि ते चपटे सेल. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू लागते. मूल वरून कधी अगदी ठीक दिसते, फक्त लाळ गाळते किंवा खात नाही. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, खायला देऊ नका, केळे खाऊन शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नका. मूल वर्षावरचे असेल आणि नीट गिळत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो. वर्षाखालील बाळाला मध नको. मध शोधण्यात वेळही घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने, एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जा. माझ्यासारख्याच्या दवाखान्यात आधी येऊ नका.