विजेची सायकल घेण्यापूर्वीं

अलीकडे आमच्या पाथर्डी गांवांत विजेची सायकल अधूनमधून दृष्टीस पडूं लागली आहे. संध्याकाळीं थोडा फेरफटका करावा, सुटीच्या दिवशीं मोहट्यास किंवा मढीस जाऊन यावें, आणि चढावर फारशी धाप न लागतां घरीं परतावें, एवढ्याच माफक हेतूनें ती घेण्याचें पुष्कळांच्या मनांत असतें. विद्यार्थी घरीं हट्ट धरतात, पालक दुकानांत जातात, दुकानदार चारसहा सायकली पुढें मांडतो. आणि मग कोणती घ्यावी या प्रश्नाचा निकाल बहुधा रंग, झगमगता दिवा व जाहिरातींतील मोठाले आंकडे हेच लावतात.

आमचा तालुका पर्जन्यछायेंतला. दिवाळीच्या सुमारास येथील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीसाठीं घरदार सोडून परमुलखांत जातात. अशा ठिकाणीं केवळ फिरण्याच्या हौसेसाठीं २५ ते ३५ हजार रुपये खर्च करणें ही लहान गोष्ट नव्हे. आणि हलक्या प्रतीच्या विजेच्या सायकलीस साधारणपणें एवढी किंमत पडते. तेव्हां हा पैसा डोळसपणें कसा खर्चावा, आणि तो खर्चणें खरोखर अवश्य आहे काय, याचा विचार आमच्या वाचकांसमोर मांडावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम ही वस्तु आहे तरी काय तें पाहूं. विजेची सायकल म्हणजे साधी सायकलच. तिच्या चाकाच्या तुंब्यांत किंवा पेडलांपाशीं एक लहान मोटार असते, मोटारीस वीज पुरविणारी बॅटरी असते, आणि या दोहोंमध्यें वीज कमीअधिक सोडणारा नियंत्रक असतो. ही कल्पना कालपरवांची नाहीं. अमेरिकेंत ऑग्डन बोल्टन नांवाच्या गृहस्थास मागच्या चाकाच्या तुंब्यांत मोटार असलेल्या सायकलीचें पेटंट १८९५ सालीं मिळालें होतें. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या जड व दुबळ्या असल्यामुळें ती कल्पना बहुतांशीं कागदावरच राहिली. पुढें १९९३ सालीं जपानांतील यामाहा कंपनीनें, पेडल मारणाराच्या पायांस मोटारीचें साहाय्य देणारी सायकल बाजारांत आणली. येथें 'साहाय्य' हा शब्द महत्त्वाचा आहे. पाय हे धनी आणि मोटार ही चाकर, असा तो संबंध आहे. ज्यानें तो ओळखला त्याला निवड करणें कठीण जात नाहीं.

याचें एक चांगलें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. सातारा जिल्ह्यांतील फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालच्या सुमारास सायकलरिक्षा सुधारण्याचें काम केलें. त्यांनीं जुन्या रिक्षावर मोटार चढवून काम संपविलें नाहीं. पायांनीं चालणारी रिक्षाहि त्यांनीं सुधारली. तिला गिअर दिले, तिचे ब्रेक सुधारले. मोटारीचें साहाय्य असलेली रिक्षा आणि सर्वस्वीं विजेवर चालणारी रिक्षा हीं त्यांच्या कामाचीं दुसरीं अंगें होतीं. आम्ही यापासून हा बोध घेतों कीं, जें वाहन मुळांतच जड, डळमळीत व ब्रेकांनीं कच्चें आहे, तें मोटार लावल्यानें चांगलें होत नाहीं. उलट त्याचे दोष अधिक वेगानें धांवूं लागतात.

आतां निवडीकडे वळूं. पुष्कळ लोक सायकलीपासून सुरुवात करतात. आमच्या मतें सुरुवात रस्त्यापासून करावी. आपणांस कोठें जावयाचें आहे, तें किती दूर आहे, वाटेंत चढ किती आहे, आणि आठवड्यांतून किती वेळां जाणें होईल, हें एका कागदावर लिहून काढावें. गांवांतल्या गांवांत फिरणें असेल तर जाऊनयेऊन पांचसहा किलोमीटर होतात. मोहट्याची देवी पाथर्डीपासून ९-१० किलोमीटरांवर डोंगरावर आहे. म्हणजे जाऊनयेऊन सुमारें २० किलोमीटर झाले. मढीचा कानिफनाथांचा गड याहून थोडा दूर पडतो. याहून लांबचा प्रवास ही हौसेची फेरी नव्हे, आणि त्यासाठीं एस. टी. आहेच.

थोडें गणित करूं. शाळेंत शिकलेलें पदार्थविज्ञान अशाच वेळीं उपयोगीं पडतें. समजा, बसणारा व सायकल मिळून ९० किलो वजन आहे. सपाट चांगल्या रस्त्यानें ताशीं १५ किलोमीटर वेगानें जावयास सुमारें ६० वॉट शक्ति लागते. निरोगी मनुष्य फारसा न थकतां ७५ वॉट शक्ति बराच वेळ देऊं शकतो. म्हणजे सपाटीवर मोटारीची गरजच नाहीं! आतां दर १०० मीटर अंतरास ५ मीटर उंची वाढेल असा चढ घ्या, आणि वेग ताशीं १२ किलोमीटर धरा. वजन वर उचलण्यासच १४७ वॉट लागतील. रस्त्याचें घर्षण व वारा मिळून सुमारें १७५ वॉट होतील. पायांचे ७५ वजा केले तर मोटारीनें १०० वॉट द्यावयाचे राहिले. यावरून दिसून येईल कीं, २५० वॉटांची मोटार आपल्या कामास पुरून उरते. 'आमची मोटार पांचशें वॉटांची, हजार वॉटांची' अशी बढाई कोणी मारील तर तिला भुलूं नये. जी शक्ति लागणारच नाहीं तिचे पैसे कां भरावेत?

मोटारीपेक्षां बॅटरीकडे अधिक लक्ष द्यावें, कारण किमतीचा मोठा भाग तिचाच असतो. बॅटरीवर दोन आंकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार केला म्हणजे तींत सांठणारी वीज वॉट-तासांत मिळते. ३६ व्होल्ट व ७.५ अँपिअर-तास यांचा गुणाकार २७० होतो. आपण पेडल मारीत राहिलों तर किलोमीटरमागें सुमारें १० वॉट-तास खर्च होतात असें धरावें. कागदावर २७ किलोमीटर झाले. परंतु चढ, समोरचा वारा व बॅटरीचें वय यांसाठीं चौथा हिस्सा बाजूस काढून ठेवावा, म्हणजे २० किलोमीटर उरतात. मोहट्याची फेरी या बॅटरीनें जेमतेम होईल. १० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर याच हिशेबानें २७ किलोमीटर मिळतात, आणि मन निर्धास्त राहतें. जो गांवांतच फिरणार त्यानें मात्र मोठ्या बॅटरीसाठीं जादा पैसे मोजूं नयेत. पेडल न मारतां नुसत्या मोटारीवर बसून जाणाराचा खर्च दीडपटीहून अधिक होतो, हेंहि ध्यानांत असावें. दुकानांत सांगितलेलें अंतर बहुधा हलका मनुष्य व सपाट रस्ता धरून सांगितलेलें असतें.

बॅटरी लिथियम-आयन जातीची घ्यावी. शिशाची बॅटरी स्वस्त मिळते, पण ती फार जड असते; वीज संपल्यावर तिचें ओझें आपल्याच पायांनीं ओढावें लागतें. बॅटरी सायकलीपासून काढून घरांत नेतां येते काय, तिची हमी किती वर्षांची आहे, आणि तीनचार वर्षांनीं नवी घ्यावी लागल्यास ती मिळेल काय व काय भावानें, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वीं विचारावेत. हमी तोंडी नसावी, कागदावर असावी.

पेडल मारतांना मोटार कशी सुरू होते, त्यांतहि दोन प्रकार आहेत. एका प्रकारांत पेडल फिरत आहे एवढेंच यंत्रास कळतें. दुसऱ्यांत पायाचा जोर किती तें कळतें व त्या मानानें मोटार साहाय्य करते. दुसरा प्रकार चांगला, पण महाग. स्वस्त सायकलींत पहिलाच असतो व तो आपल्या कामास चालतो. मात्र मोटार किंचित् उशिरां सुरू होते व किंचित् उशिरां थांबते, म्हणून अरुंद गल्लींत वळतांना सावध राहावें लागतें. यासाठीं ब्रेकची मूठ दाबतांच मोटारीची वीज तुटली पाहिजे. ही सोय नसेल तर ती सायकल कितीहि स्वस्त असली तरी घेऊं नये. दोन्ही चाकांस चांगले ब्रेक असावेत. विजेच्या सायकलीचें वजन साध्या सायकलीहून पांचसहा किलो अधिक असतें, आणि गडाच्या उतारावर तें चांगलेंच जाणवतें.

आमच्या भागांत बाभळीचे कांटे पुष्कळ, तेव्हां पंक्चर ठरलेलें. मागच्या चाकांत मोटार असेल तर तें चाक काढणें साध्या चाकाइतकें सोपें नसतें. वायर आधीं सोडवावी लागते. आपल्या नेहमींच्या पंक्चर काढणाऱ्यास हें काम करतां येईल काय, याची चौकशी आधींच करावी. जाड टायर असावेत व हवेचा पंप घरीं असावा. सायकल बिघडली तर दुरुस्ती कोठें होईल हेंहि विचारावें. ती अहिल्यानगरासच होणार असेल तर ५० किलोमीटरांवर सायकल टेंपोंत घालून न्यावी लागेल, आणि स्वस्ताई तेथेंच संपेल.

आतां पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट सांगतों. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणें विजेची सायकल कांहीं अटी पाळीत असेल तरच ती मोटार वाहन मानली जात नाहीं. मोटारीची शक्ति २५० वॉटांहून कमी असावी, ताशीं २५ किलोमीटर वेग होण्यापूर्वींच किंवा होतांच तिचें साहाय्य बंद व्हावें, बॅटरीवांचून वजन ६० किलोंहून अधिक नसावें, योग्य ब्रेक असावेत, आणि पुढें पांढरा व मागें तांबडा परावर्तक असावा. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेनें त्या नमुन्यास पसंती दिलेली असली पाहिजे. तो दाखला दुकानदाराकडे मागावा. अशा सायकलीस नोंदणी लागत नाहीं व चालविणारास परवाना लागत नाहीं. परंतु कोणी युक्ति करून वेगाची मर्यादा काढून टाकली, कीं तीच सायकल कायद्याच्या दृष्टीनें मोटार वाहन होते. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत घातलेल्या कलम १९९-अ अन्वयें, अज्ञान मुलानें मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मुलाची क्षणाची मौज बापाच्या वर्षभराच्या कमाईवर येऊं शकते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या मार्गावरून उसाच्या गाड्या व मालमोटारी धांवतात त्या राष्ट्रीय महामार्गावर मौजेची फेरी काढूं नये. आंतल्या रस्त्यांनीं जावें.

मढीच्या यात्रेंत गाढवांचा बाजार भरतो. तेथें जनावर घेणारा जाणता मनुष्य अंगावरील रंगास भुलत नाहीं. दांत पाहून वय अजमावतो, चालवून पाहतो, ओझें वाहील कीं नाहीं याचा अंदाज घेतो. सायकल घेणारानेंहि हाच बाणा ठेवावा. दुकानासमोरच्या सपाटीवर दोन फेऱ्या मारून भागत नाहीं. एखाद्या चढावर नेऊन पाहावी, उतारावर ब्रेक पाहावेत, आणि मोटार बंद करून एक किलोमीटर चालवावी. मोटारीवांचून जी चालवितां येत नाहीं ती सायकल वाटेंत वीज संपल्यावर वैरीण होते. दोन पायऱ्या उचलून घरांत घेतां येते काय तेंहि पाहावें.

घेतल्यावर निगा राखणें आलेंच. बॅटरी एकदां पूर्ण भरण्यास पाव ते पाऊण युनिटाच्या दरम्यान वीज लागते. युनिटास दहा रुपये धरले तरी खर्च आठ रुपयांपलीकडे जात नाहीं. मात्र बॅटरी तिच्या स्वतःच्या चार्जरनेंच भरावी. ती अंथरुणाजवळ, चुलीजवळ, किंवा सर्वजण झोंपलेले असतांना भरूं नये. चैत्रवैशाखांतल्या उन्हांत सायकल उभी करून ठेवूं नये. उष्णता ही बॅटरीची मोठी शत्रु आहे. उन्हांतून आल्यावर ती निवूं द्यावी, मग भरावी. फुगलेली किंवा उंचावरून पडलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये. सायकल धुतांना पाण्याचा जोराचा फवारा मोटारीवर मारूं नये.

शेवटीं एक सूचना. ज्याच्या घरीं साधी सायकल आहे त्यानें विजेची घेण्यापूर्वीं पंधरा दिवस तीच नेमानें चालवावी. साखळीस तेल घालावें, टायरांत हवा पुरती भरावी, बैठक आपल्या उंचीस जुळवून घ्यावी. पुष्कळांस आढळून येईल कीं, गांवाभोंवतालच्या फेरीस मोटार नकोच आहे, आणि तीस हजार रुपये घरांत राहिले आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांचें वय झालें आहे, किंवा ज्यांच्या वाटेंत खरोखर चढ आहे, त्यांस मात्र विजेची सायकल मोठी सोबतीण होईल. एखाद्या आजोबांस नातवाबरोबर मोहट्यापर्यंत जाऊन येतां आलें तर तो पैसा सत्कारणीं लागला असेंच आम्ही म्हणूं. विद्यार्थ्यांनीं हट्ट धरण्यापूर्वीं वरील गणित स्वतः करावें, तो कागद आईवडिलांपुढें ठेवावा, आणि मग सर्वांनीं मिळून काय तें ठरवावें.