त्रेचाळिसाव्या घरातले मूलद्रव्य

युरेनियमपर्यंतची 92 मूलद्रव्ये निसर्गाची आणि त्यापुढची माणसाची, अशी विभागणी शाळेपासून आपल्या डोक्यात बसते. ती चूक आहे. माणसाने बनवलेले पहिले मूलद्रव्य आवर्तसारणीच्या मध्यावर, 43 व्या घरात बसते. ते म्हणजे टेक्नेशियम. बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा सोसलेला मॉलिब्डेनमचा पत्रा इटलीत पोहोचला आणि 1937 मध्ये पालेर्मोला कार्लो पेरिए व एमिलिओ सेग्रे यांनी त्यातून ते ओळखले.

कृत्रिम म्हणजे नकली, हा दुसरा समज. मूलद्रव्याची ओळख ठरते ती केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवरून. 43 प्रोटॉन असतील तर ते टेक्नेशियमच, मग ते कुठेही घडलेले असो.

खरा फरक आयुष्याचा आहे. पृथ्वीचे वय सुमारे 450 कोटी वर्षे. युरेनियम-238 चे अर्धायुष्यही जवळपास तेवढेच, म्हणून त्यातले निम्मे अजून खाणींत आहे. टेक्नेशियमच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकांचे अर्धायुष्य मात्र जेमतेम 42 लाख वर्षे. पृथ्वीच्या जन्मावेळी जे काही होते, ते हजाराहून अधिक वेळा निम्मे होत कधीच संपले. निसर्गाला ते घडवता येत नाही असे मुळीच नाही. 1952 मध्ये पॉल मेरिल यांना काही लाल ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. इतके अल्पायुषी मूलद्रव्य तिथे दिसते, याचा अर्थ ते त्या ताऱ्यांतच तयार होत असले पाहिजे. मूलद्रव्ये ताऱ्यांत घडतात याचा इतका थेट पुरावा मला दुसरा माहीत नाही! युरेनियमच्या खनिजातही टेक्नेशियम आणि प्लुटोनियम अगदी सूक्ष्म प्रमाणात सापडतात. 118 व्या ओगानेसॉनची गोष्ट वेगळी. त्याचे मोजकेच अणू बनले, तेही प्रयोगशाळेतच, आणि त्यांचे अर्धायुष्य एक सहस्रांश सेकंदही नाही.

राहिला धोका. ‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ म्हणणाऱ्यांनी पोलोनियम आठवावे. ते निसर्गातच सापडते आणि त्याचे काही मायक्रोग्रॅम पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो. उलट हाडांच्या स्कॅनसाठी रुग्णाला टोचतात ते टेक्नेशियम-99एम. त्याचे अर्धायुष्य सहा तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा हिस्साच उरतो. इतके अल्पायुषी द्रव्य साठवून ठेवता येत नाही. म्हणून रुग्णालयात मॉलिब्डेनम-99 भरलेला जनरेटर आणतात. मॉलिब्डेनमचा ऱ्हास होऊन त्यातून टेक्नेशियम बनत राहते आणि सलाइन सोडून ते रोज ताजे काढून घेतले जाते.