यंत्राची शिकवणी आणि माणसांचे बोलणे

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे म्हणतात. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात त्यासाठी बारा कोस चालण्याचेही कारण पडत नाही. कापसाच्या हंगामात मार्केट यार्डात घटकाभर उभे राहिले, की पैनगंगेकाठची मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, लमाणी आणि उर्दू एवढ्या भाषा कानांवरून जातात. इतक्या भाषांची माणसे एका काट्यापाशी एका कामासाठी जमली, म्हणजे त्या कामाचे यश हातांच्या बळाइतकेच जिभेच्या आणि कानांच्या शहाणपणावर अवलंबून राहते. हे शहाणपण शिकता येते काय, आणि आज जिचा सर्वत्र बोलबाला आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेची त्या कामी मदत होऊ शकते काय, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित प्रसंग घेऊ. हमीभावाने होणाऱ्या कापूसखरेदीत ओलाव्याचे प्रमाण ८ टक्के हे मूळ धरतात. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते, आणि १२ च्या वर गेलेला कापूस घेतला जात नाही. समजा, दूरच्या एखाद्या गुड्यावरील शेतकरी रात्रीच गाडी भरून निघाला आणि सकाळी काट्यावर आला. यंत्राने १४ आकडा दाखविला. तरुण कारकून, "चालत नाही, गाडी बाजूला घ्या," एवढे म्हणून पुढच्या गाडीकडे वळला. त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. परंतु शेतकऱ्याला त्यात आकडा ऐकू आला नाही, अपमान ऐकू आला. त्याच काट्याजवळ एक वृद्ध मापाडी उभा होता. वरचा थर रात्रीच्या दवाने भिजला आहे, आतला कापूस बहुधा कोरडा असावा, हे त्याच्या अनुभवी हाताने ओळखले होते. तो बोलता, तर आतील नमुना काढून पुन्हा मोजता आला असता. पण मागे एकदा मध्येच बोलल्याबद्दल त्याला चारचौघांत ऐकून घ्यावे लागले होते. म्हणून तो गप्प राहिला, आणि गाडी परत गेली.

या एका प्रसंगात दोन निराळे दोष आहेत. जे बोलले गेले ते वाईट रीतीने बोलले गेले, हा पहिला. आणि जे बोलायला हवे होते ते बोललेच गेले नाही, हा दुसरा. पहिला दोष चटकन कानाला खटकतो. दुसरा कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातक होय.

दुसऱ्या दोषाचे एक दारुण उदाहरण इतिहासात नमूद आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन प्रचंड विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. धावपट्टीवर दुसरे विमान अजून असावे, अशी शंका उड्डाण करणाऱ्या विमानातील अभियंत्याला आली होती आणि त्याने ती बोलूनही दाखविली. परंतु अनुभवी व मानी मुख्य वैमानिकाने ती झटकून टाकली, आणि अभियंत्याने पुन्हा आग्रह धरला नाही. पुढे १९७९ साली अमेरिकेतील 'नासा' संस्थेने या प्रश्नावर परिषद भरविली, आणि विमानातील कनिष्ठाने निःशंकपणे बोलावे व वरिष्ठाने ते ऐकावे, याचे रीतसर शिक्षण वैमानिकांना देण्याची प्रथा तेथून वाढीस लागली. एमी एडमंडसन या विदुषीने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसून आले, की ज्या गटात चूक कबूल करण्याची व शंका विचारण्याची भीती वाटत नाही, तो गट अधिक शिकतो आणि म्हणून अधिक चांगले काम करतो. 'गाव करी ते राव न करी' ही आपली म्हण खरी. मात्र गावाला तोंड उघडण्याची मुभा हवी.

आता यंत्राकडे वळू. २०२२ च्या अखेरीपासून सर्वसामान्यांच्या हाती आलेले, माणसाशी त्याच्याच भाषेत संवाद करणारे साहाय्यक म्हणजे काही मंत्रविद्या नव्हे. प्रचंड प्रमाणात ग्रंथ, लेख आणि संभाषणे वाचवून, कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्या यंत्राला गणिताच्या साहाय्याने शिकविलेले असते. त्यानंतर माणसांकडून त्याच्या उत्तरांची प्रतवारी करून घेतात आणि जी उत्तरे पसंत पडतात तशीच उत्तरे देण्याचे वळण त्याला लावतात. लाखो माणसांची पत्रे, विनंत्या, भांडणे आणि समेट त्याच्या वाचनात आलेले असल्यामुळे, अमुक वाक्य ऐकणाऱ्याला कसे लागेल, याचा अंदाज ते बऱ्यापैकी बांधू शकते. कामाच्या जागी बोलण्याची शिकवणी देण्यास त्याचा उपयोग होतो तो या गुणामुळे.

हा उपयोग तीन प्रकारे करता येतो. पहिला, बोलण्यापूर्वी. जिनिंगमधील एक कारकून आपल्या सोबत्याला रागाच्या भरात लिहितो, "तुम्ही गासड्यांचा हिशेब कधीच वेळेवर देत नाही." हे वाक्य साहाय्यकाला दाखविले, तर तो बहुधा विचारील, की 'कधीच' हे खरे आहे काय? आणि सुचवील, "सोमवार व मंगळवारचा हिशेब अजून मिळालेला नाही. तो नसल्यामुळे माझी बेरीज अडली आहे. काही अडचण आहे काय?" पहिल्या वाक्याने माणसावर आरोप केला, दुसऱ्याने गोष्ट, परिणाम आणि प्रश्न एवढेच पुढे ठेवले. दुसरा प्रकार तालमीचा. वरिष्ठांकडे रजा मागणे, चूक कबूल करणे, नव्या भाषेत मुलाखत देणे, अशा अवघड संभाषणात साहाय्यकाला समोरच्या माणसाची भूमिका देऊन चार वेळा सराव करता येतो. तेथे चुकले तरी हसणारे कोणी नसते. तिसरा प्रकार घडून गेलेल्या गोष्टीचा. आमच्या कथेतील कारकुनाने रात्री घडलेला प्रसंग साहाय्यकाला सांगितला असता, तर त्याला असे काही उत्तर मिळाले असते, "आकडा १४ आला आहे आणि मर्यादा १२ ची आहे, हे प्रथम सांगावे. कापूस उन्हात पसरून वाळला, की पुन्हा आणता येईल, हा मार्ग दाखवावा. मग गाडी बाजूला घेण्याची विनंती करावी." नियम तोच राहिला असता, पण माणसाचा मान राखला गेला असता.

अशा शिकवणीचे फळ प्रत्यक्ष मोजले गेले आहे. अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरे देणाऱ्या पाच हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्णात कामगारांच्या जुन्या संभाषणांवरून शिकलेला साहाय्यक त्यांना उत्तर सुचवीत असे. ते घ्यावे की टाकावे, हे कामगाराच्या हाती होते. तासाभरात सुटणाऱ्या तक्रारींची संख्या सरासरी १४ टक्क्यांनी वाढली. नवख्यांच्या बाबतीत ही वाढ सुमारे एक-तृतीयांश होती, आणि जे आधीच निष्णात होते त्यांना मात्र फारसा लाभ झाला नाही. दोन महिन्यांचा उमेदवार सहा महिन्यांच्या अनुभवी माणसाच्या तोडीचे काम करू लागला. विशेष म्हणजे ग्राहकांचे बोलणेही सौम्य झाले आणि 'तुमच्या साहेबांना बोलवा' अशी मागणी कमी झाली. गोड बोलण्याला गोड उत्तर मिळते, ही आजीबाईंची शिकवण येथे आकड्यांनी सिद्ध झाली.

याच वर्षी शिक्षकांसंबंधी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जालावरील एका वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकांना यंत्राकडून खाजगी रीतीने असे दाखविले जाई, की विद्यार्थ्याने काही म्हटल्यावर ते त्याचा धागा पुढे नेतात की तेथेच सोडून देतात. एवढ्या दर्शनाने विद्यार्थ्यांचे म्हणणे पुढे नेण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी वाढले. येथे यंत्राने कोणाला नवे शब्द शिकविले नाहीत. आरसा तेवढा समोर धरला.

आमच्या जिल्ह्यालाही हे यंत्र अनोळखी नाही. येथील सरकारी शाळेतील शिक्षक श्री. थोडासम कैलाश यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोलामी भाषेत गीत सिद्ध केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात' या कार्यक्रमात त्यांचा गौरवाने उल्लेख केला. त्याच वर्षी केंद्र शासनाने 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन प्रसिद्ध केले. त्यात संथाली, भिली व मुंडारी यांच्यासह गोंडीचाही समावेश आहे. परंतु येथे एक गोष्ट विसरता कामा नये. यंत्राचे शिक्षण लिखित मजकुरावर होते, आणि ज्या भाषांत लिहिलेले थोडे, त्या भाषा यंत्राला कच्च्याच येतात. श्री. कैलाश यांच्या हाती यंत्राला यश आले, ते त्या भाषांची आस्था व जाण माणसापाशी होती म्हणून.

या बाबतीत आमच्या मातीचा धडा जुना आहे. जमीन आणि जंगल यांवरील हक्कांसाठी उभा राहिलेला गोंडांचा लढा, आणि १९४० साली जोडेघाट येथे झालेला कोमरम भीम यांचा मृत्यू, यांनंतर निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. ते मार्लवाई येथे गोंडांमध्ये राहिले आणि त्यांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. १९४३ च्या सुमारास तेथे गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र निघाले व नागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके सिद्ध झाली. आधी ऐकणे आणि मग बोलणे, हा त्या कार्याचा क्रम होता. आजच्या यंत्रालाही हा क्रम उलटविता येणार नाही.

या साधनाचे धोकेही सांगितले पाहिजेत. पहिला धोका खुशमस्करीचा. माणसांना आवडलेली उत्तरे हीच यंत्राची शाळा असल्याने, विचारणाऱ्याची बाजू उचलून धरण्याकडे त्याचा कल होतो. एप्रिल २०२५ मध्ये 'चॅटजीपीटी'ची एक सुधारलेली आवृत्ती अति हांजी हांजी करू लागल्यामुळे तिच्या निर्मात्यांना ती मागे घ्यावी लागली. तेव्हा 'माझे बरोबर ना?' असे विचारण्यापेक्षा 'माझे कोठे चुकले असेल?' असे विचारणे हितावह. दुसरा धोका पाळतीचा. शिकवणीच्या नावाखाली मालकाने कामगाराचा शब्द न् शब्द टिपून ठेवला, तर ती शिकवणी उरत नाही. युरोपीय संघाने आपल्या २०२४ च्या कायद्याने कामाच्या जागी व शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना टिपणाऱ्या यंत्रणांना, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळून, बंदी केली आणि ती फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आली. आपणही सोबत्याची नावे आणि खाजगी गोष्टी यंत्राला सांगू नयेत. तिसरा धोका परक्या बोलीचा. यंत्र 'महोदय' सुचवील. पण आमच्याकडे वडीलधाऱ्या सहकाऱ्याला 'अण्णा' म्हटल्याने जे मन मोकळे होते, ते 'महोदय' म्हटल्याने होत नाही. कोणाला काय म्हणावे, हे ज्याच्या त्यानेच जाणले पाहिजे.

आता पुन्हा त्या काट्याकडे येऊ. कारकुनाने रात्री यंत्राचा सल्ला घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून तो नम्रपणे बोलू लागला, असे धरले, तरी दवाने भिजलेल्या थराची गोष्ट यंत्राने त्याला सांगितली नसती. ती मापाड्याच्या मनात होती, कोणी बोलले नव्हते, आणि जे बोलले गेले नाही ते यंत्रापर्यंत पोहोचत नाही. बोललेले सुधारणे यंत्राला शक्य आहे. न बोललेले बाहेर आणणे माणसालाच शक्य आहे. त्यासाठी कारकुनाला मापाड्याकडे वळून एवढेच विचारायला हवे होते, "अण्णा, तुम्हांला काय वाटते?"

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांना मराठी शाळेतून निघून तेलुगू कचेरीत, हिंदी बोलणाऱ्या कारखान्यात किंवा इंग्रजी पत्रव्यवहाराच्या पेढीत काम करावे लागेल. भाषा तोकडी पडेल या भीतीने गप्प बसण्याचा मोह तेथे होईल. ती भीती घालविण्यास हा यांत्रिक सोबती अवश्य वापरा. त्याच्यापाशी अर्ज तपासा, संभाषणाची तालीम करा, आपल्या चुका विचारा. आरंभ वर्गापासूनच करता येईल. विज्ञानप्रदर्शनासाठी गट पाडाल, तेव्हा सूचना नीट लिहिण्यास यंत्राचे साहाय्य घ्या. परंतु गटात जो एकही शब्द बोललेला नाही, त्याच्याकडे वळून त्याचे मत तुम्ही स्वतः विचारा. कदाचित कापूस आतून कोरडा आहे, हे त्यालाच ठाऊक असेल.