गर्दीच्या पाळीत एकमेकांना सांभाळू या

पावसाळा आला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि काविळीच्या रुग्णांनी वॉर्ड भरतात. खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या पडतात. आपल्या वस्तीतील कितीतरी मावश्या, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार याच वॉर्डांत राबतात. अशा दिवसांत वरच्यांची बोलणी खाल्लेला माणूस आपला राग सोबत काम करणाऱ्यावर काढतो. "लवकर उरक, मी एकटीने किती करायचं?" असे आपणही कधीतरी बोललेलो असतो. त्याचा परिणाम मनाबरोबर शरीरावरही होतो. तो कसा, ते आज पाहू.

वापरलेली सुई पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यातच टाकायची असते. घाईत ती पिवळ्या किंवा लाल पिशवीत जाते आणि पिशवी उचलणाऱ्याच्या हाताला टोचते. त्या वेळी "डोळे फुटले होते का?" असे कोणी म्हटले, तर पुढच्या वेळी ती बाई टोचलेले सांगतच नाही. इथेच धोका आहे. टोचलेली जागा लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी. दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये. त्याच क्षणी सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगावे. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या लागणार असतील तर त्या शक्यतो २ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही. या गोळ्या २८ दिवस घ्यायच्या असतात. म्हणून सोबतिणीला सुई टोचली तर तिला एवढेच म्हणावे, "घाबरू नको, चल, मी येते सोबत." हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस झाले आहेत का, हेही एकमेकींना विचारावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. लघवीला जायला वेळ मिळणार नाही म्हणून अनेकजणी पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीत जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. "तू जाऊन ये, तोवर मी बघते" या एका वाक्याने हा त्रास टळतो.

तिसरी गोष्ट जेवणाची. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याचे जेवण चुकले तर हात थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येते, चिडचिड होते. त्याला "नाटक करतो" म्हणू नये. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, डॉक्टरांना बोलवावे. कोणाला मधुमेह आहे हे माहीत असेल, तर त्याला जेवायला आधी पाठवावे.

चौथी गोष्ट वजनाची. जड रुग्ण एकट्याने उचलला की कंबर धरते. हाक आली की हात द्यावा, दोघांनी मिळून उचलावे.

माणसे कमी आणि काम जास्त, हे दुखणे मात्र गोड बोलण्याने जाणार नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ साली मांडले. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, ती कोणाची मेहरबानी नाही. म्हणून हातमोजे, जेवणाची सुट्टी आणि पुरेशी माणसे मागायला एकेकटे न जाता सगळ्यांनी मिळून जावे. पण पाळीभर एकमेकांवर खेकसणारी माणसे मागणीच्या वेळी एकत्र उभी राहत नाहीत.

उद्या पाळीवर गेल्यावर शेजारी काम करणाऱ्याला एवढे तरी विचारा, "जेवलास का? पाणी प्यायलीस का?"