गडण, आश्रमभगिनी आणि रूमपार्टनर : भगिनीमंडळप्रवेशाचे मराठी रूप

महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थिनीने एखाद्या भगिनीमंडळात विधिपूर्वक प्रवेश करणे ही अमेरिकी विद्यापीठजीवनातील रूढ घटना होय. अशा मंडळांना ‘सोरॉरिटी’ म्हणतात. ‘सोरॉर’ म्हणजे बहीण या लॅटिन शब्दावरून ही संज्ञा सिद्ध झाली आहे. 1851 साली जॉर्जिया राज्यातील वेस्लियन महाविद्यालयात विद्यार्थिनींची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. पुढे 1870 च्या सुमारास ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी मंडळे मध्य-पश्चिमेकडील महाविद्यालयांत निघाली. पुरुष विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांत स्त्रियांना स्थान नव्हते, हे त्यांच्या उदयाचे एक महत्त्वाचे कारण. मात्र निवडीचा हक्क, वर्गणी, शपथ, गुपित आणि एकत्र निवास या बाबी त्यांनी बंधुमंडळांकडूनच घेतल्या. बाहेर ठेवले गेल्यामुळे निर्माण झालेली ही मंडळे लवकरच इतरांना बाहेर ठेवू लागली. म्हणूनच 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना आपले स्वतंत्र भगिनीमंडळ उभारावे लागले.

मराठी शिक्षणविश्वात अशी ग्रीक अक्षरांची मंडळे रुजली नाहीत. परंतु घर सोडून शिकावयास आलेली मुलगी परक्या मुलींच्या समूहात कशी सामावली जाते, हा प्रश्न येथेही उपस्थित झालाच. किंबहुना तो येथे अधिक तीव्रतेने उपस्थित झाला असे म्हणावे लागते. अमेरिकी मुलीला मंडळ मिळाले नाही तर तिची प्रतिष्ठा उणावते. मराठी मुलीला वसतिगृह मिळाले नाही तर तिचे शिक्षणच संपते.

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावाच्या संदर्भात हा विचार करताना प्रथम लोकपरंपरेतील दोन शब्द लक्षात घेणे अगत्याचे ठरते. जात्यावरच्या ओव्यांतून ‘गडण’ आणि ‘शेजी’ अशी दोन नाती वारंवार येतात. गडण ही प्रायः माहेरची, बरोबरीने वाढलेली, पंचमीला एकाच झोक्यावर बसलेली. शेजी ही बहुधा सासरची. तिच्याशी जवळीक असते, पण बोलताना सावधपणही असते, कारण ऐकलेले ती कोठे नेईल याची खात्री नसते. गडणींचा समूह लग्नाने फुटतो आणि नागपंचमीला मुली माहेरी आल्या म्हणजे तेवढ्यापुरता पुन्हा जुळतो. या समूहात कोणी ‘प्रवेश’ करीत नाही. मुलगी त्यात जन्मतःच असते. निवड नाही, विधी नाही, म्हणून नकारही नाही. मात्र वस्तीची आणि जातीची वेस या फेराभोवती न सांगता आखलेली असते. वसतिगृहातील मैत्रीण ही माहेरचीही नव्हे आणि सासरचीही नव्हे. तिच्यासाठी परंपरेत शब्दच नव्हता. आजची मुलगी तिला ‘रूमपार्टनर’ म्हणते, यात केवळ इंग्रजीचा सोस पाहणे उथळपणाचे होईल.

हे तिसरे स्थान मराठी स्त्रीच्या वाट्याला प्रथम पंथाच्या रूपाने आले. ‘लीळाचरित्रा’त महदाइसा, बाइसा, उमाइसा इत्यादी स्त्रिया कुटुंबाच्या चौकटीबाहेर एकत्र वावरताना दिसतात. नावापुढे लागणारा ‘आइसा’ हा आदरवाचक प्रत्यय त्यांचे नवे नाते सूचित करतो. तथापि आधुनिक शिक्षणाशी निगडित असे पहिले ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंचे शारदा सदन होय. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत ते सुरू झाले. गोदूबाई ही बालविधवा त्याच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर ती आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे झाली. ‘माझे पुराण’ हे तिचे आत्मकथन 1944 मध्ये प्रसिद्ध झाले.

व्हॅन गेनेप या अभ्यासकाने 1909 मध्ये संक्रमणविधीच्या तीन अवस्था सांगितल्या : वियोग, उंबरठ्यावरची अवस्था आणि पुनःप्रवेश. बाया कर्वे यांच्या जीवनक्रमाला ही मांडणी लावून पाहिली तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. विधवेचे केशवपन हाच मुळी एक समूहाबाहेर काढण्याचा विधी होता. तिला सवाष्णींच्या मंडळातून वगळल्याची ती दृश्य खूण होती. सदनात डोईवर पुन्हा केस राखले जाणे म्हणजे तो विधी उलटा फिरविणे. येथे शपथ नाही, दीक्षा नाही. पण न्हाव्याचा वस्तरा फिरणे थांबते. अमेरिकी मंडळातील नवागतेला दिल्या जाणाऱ्या सन्मानचिन्हापेक्षा हे चिन्ह कितीतरी महागाचे होते, कारण सुटीत घरी जाताना ते काढून ठेवता येत नव्हते. बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी तर विधवेचा वेष दीर्घकाळ कायम ठेवून हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा केली आणि 1912 मध्ये तो वेष टाकला. 1918 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथे इंग्रजी शिकण्यासाठी त्यांनी घरकामाची नोकरी पत्करली. त्यांच्या ‘माझी कहाणी’ (1928) या आत्मकथनाकडे पतिव्रताधर्म आणि सुधारणा यांच्या द्वंद्वाचे निवेदन म्हणून पाहिले जाते, ते योग्यच आहे. पण एका संस्थेतील भगिनींसाठी वेषाचा निर्णय कसा लांबवावा लागतो, याचेही ते निवेदन आहे, इकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

भगिनीभावाची खरी कसोटी मात्र केसांपेक्षा अन्नावर लागते. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांच्या सोवळ्याला बाध येऊ नये म्हणून स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था ठेवलेली होती. तरीही 1893 मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून वाद पेटला, सल्लागार मंडळातील सुधारक बाजूला झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. येथे एक भेद स्पष्ट होतो. सोरॉरिटीत प्रवेशाचा निर्णय आतल्या मुली घेतात. सदनातून मुलगी काढण्याचा निर्णय बाहेरचे पुरुष घेत होते. ज्या मंडळाला आपल्या सदस्येला राखता येत नाही, त्याला ‘भगिनीमंडळ’ म्हणावे काय, अशी शंका येथे रास्त ठरते. कर्वे यांनी 1896 मध्ये स्थापन केलेला आणि 1900 मध्ये हिंगण्यास गेलेला अनाथ बालिकाश्रम टिकला. सार्वजनिक लोकमताशी जुळवून घेण्याची कर्वे यांची सावध रीत हे त्याचे एक कारण होय. त्या सावधपणाची किंमत अर्थातच आश्रमाच्या दाराबाहेर राहिलेल्या ब्राह्मणेतर मुलींनी मोजली.

इरावती कर्वे यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. लहानपणीच त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात आल्या. शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीतून रँग्लर परांजपे यांच्या घरात त्यांना मुलीसारखे स्थान मिळाले. मैत्रीण बहीण झाली आणि बहिणीमुळे घर बदलले. आधुनिक मराठी स्त्रीच्या भगिनीप्रवेशाचे इतके निर्मळ उदाहरण क्वचितच सापडेल. पण त्याच इरावतीबाई वारीवरील आपल्या ‘वाटचाल’ या लेखात दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा स्त्रियांच्या वेगळ्या पंगतींची खंत नोंदवितात. दिवसभर एकाच अभंगाच्या तालावर चालणाऱ्या बाया जेवणाच्या वेळी दुभंगतात. व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञाने यात्रेतील समभावाची उपपत्ती मांडताना या लेखाचा आधार घेतला. इरावतीबाईंनी दाखविलेली फट त्या उपपत्तीत पुरेशी सामावत नाही, असेच म्हणावे लागेल.

1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड हिंगण्यात आणि पुढे कर्वे यांच्या महिला विद्यापीठात शिकलेल्या बाळूताई खरे होत्या. शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट प्रकट करणाऱ्या या कथांवर मोठे वादळ उठले. मंडळाचे गुपित बाहेर सांगितल्याचा तो क्षोभ होता. मराठी वसतिगृहात मौनाची शपथ कोणी देववत नाही. परंतु ती घेतलेलीच असते, हे त्या वादळाने सिद्ध केले. लेखिकेला टोपणनाव घ्यावे लागले यातच सारे आले.

दलित विद्यार्थिनीपुढील प्रश्न याहून वेगळा होता. मराठवाडा 1948 पर्यंत निजामी अमलाखाली. मुलींच्या उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नाहीच. 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाने, म्हणजे पुढच्या मिलिंद महाविद्यालयाने, दारे उघडली. नव्या मुलींसाठी ही केवळ सोय नव्हती. जेथे पंगतीत आपणास कोणी उठविणार नाही, अशी जागा होती. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (1981) मध्ये संस्कृत विषय घेऊन शिकणाऱ्या दलित स्त्रीला सोसावा लागलेला उपहास येतो. त्याच्या शेजारी हे ठेवून वाचले म्हणजे वर्गात असणे आणि मंडळात असणे यांतील अंतर उमगते. हॉवर्डच्या विद्यार्थिनींशी तुलना करावयाची तर ती येथे करावी, पुण्याच्या संदर्भात नव्हे.

आजच्या वसतिगृहातील प्रवेशविधी वरवर पाहता हलकाफुलका आहे. स्वागतसमारंभ, शेलापागोटी, फिशपाँड, वरच्या वर्गातील मुलीला ‘ताई’ म्हणण्याचा संकेत. शेलापागोटीत नवागतेला एक नाव बहाल केले जाते आणि पुष्कळदा तेच तीन वर्षे चिकटते. ‘आइसा’ प्रत्ययाचे हे विनोदी वंशज म्हणावयास हरकत नाही. ‘ताई’ या संबोधनाकडे मात्र अधिक बारकाईने पाहावयास हवे. ते आश्रय देते आणि त्याच दमात पायरीही ठरविते. ‘ताई’ने आणावयास सांगितलेली पाण्याची बादली नाकारता येत नाही, कारण ती सत्ता नात्याच्या भाषेत बोलते. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगप्रतिबंधक कायदा केला. त्यात छळ, धमकी, अपमान यांची व्याख्या आहे. प्रेमाने केलेल्या हुकमाची व्याख्या कोणत्या कायद्यात बसणार?

दिंद्रुडच्या परिसरात या साऱ्याला आणखी एक काळाचे परिमाण आहे. बीड जिल्ह्यातून दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. आईवडील कोयता घेऊन गेले की वयात आलेल्या मुलीला मागे कोणाजवळ ठेवावयाचे, हा प्रश्न पुष्कळदा लग्नाने सोडविला जातो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना 2021 मध्ये राज्य शासनाने मंजूर केली, तिचे मोल या पार्श्वभूमीवर जाणावयास हवे. येथे वसतिगृहातील खाट म्हणजे लग्न काही वर्षे पुढे ढकलण्याची मुदत होय. जूनमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलीला नव्या मैत्रिणींची नावे पाठ होतात न होतात तोच दसरा येतो. तिच्या गावच्या गडणी टोळीबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलेल्या असतात. काहींची लग्ने झालेली असतात. पंचमीच्या फेरात तिच्या दोन्ही हातांना असलेले हात आता दोन वेगळ्या जिल्ह्यांतील फडांवर मोळ्या बांधीत असतात, आणि मेसच्या रांगेत तिच्या पुढे-मागे उभ्या असलेल्या मुलींना ती अद्याप आडनावावरूनच ओळखत असते.