इंजिनाचा दम आणि गिअरचा यति

जुनी बुलेट दुरुस्त करणे वेगळे आणि ती ‘सुधारणे’ वेगळे. माझ्या वर्गातून बाहेर पडलेला एक विद्यार्थी सध्या वडिलांची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट शर्यतीच्या ट्रॅकसाठी सुधारतो आहे. (अशी बदललेली गाडी रस्त्यावर आणणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात बसत नाही, हे त्याच्या आईनेच त्याला बजावले आहे.) मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर, नवा कॅमशाफ्ट, कडक व्हॉल्व्ह-स्प्रिंगा, सगळे चढले. “सर, आता कितीही पिळा, ती थांबतच नाही!” असे तो मोठ्या आनंदाने सांगतो. मला धास्ती वाटते ती त्या ‘कितीही’ची.

असे पाहा. साध्या इंजिनाने भलतेच फेरे घेऊ नयेत म्हणून कोणी पहारेकरी नेमलेला दिसत नाही, पण पहारा असतो. कार्बोरेटरचा गळा अरुंद. ठराविक फेऱ्यांपुढे इंजिनाला श्वास पुरत नाही. ताकद ओसरते, हाताला ते कळते आणि चालवणारा आपसूक पुढचा गिअर टाकतो. त्यातूनही त्याने पिळलेच, तर स्प्रिंगा हरतात. कॅम पुढे निघून जातो, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, इंजिन फडफडू लागते. गाडी सुधारणारा नेमके हेच दोन पहारेकरी काढून टाकतो. आतला कनेक्टिंग रॉड मात्र जुनाच राहतो. त्याला कोणी विचारलेलेच नसते!

त्या रॉडवर काय गुदरते ते जरा हिशेबाने पाहू. बुलेट ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. (आमचे परिभाषाकार पिस्टनला दट्ट्या म्हणतात, गॅरेजात तो शब्द काढून पाहावा, चहा मिळतो, पिस्टन मिळत नाही.) कारखान्याने पूर्ण ताकद सांगितली आहे ती मिनिटाला ५,६२५ फेऱ्यांवर. त्या वेगाला पिस्टन माथ्यावर पोहोचून क्षणात उलटा फिरतो, तेव्हा त्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट असतो. म्हणजे पिस्टनमधला एकेक ग्रॅम रॉडला दोन किलो वजनासारखा ओढतो. स्फोटाच्या वेळी रॉड नुसता दबतो, ते त्याला सोसते. पण जळका वायू बाहेर टाकून पिस्टन वर येतो, तेव्हा त्याला अडवायला वर काहीच नसते आणि सारा ओढा रॉडवर पडतो.

हा ओढा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५,६२५ चे ६,७५० केले तर फेरे वाढले शेकडा २०, ओढा वाढला शेकडा ४४. कानाला हा फरक फक्त थोडा वरचा सूर म्हणून ऐकू येतो, म्हणून कानावर विसंबू नये.

दुसरे माप पिस्टनच्या सरासरी वेगाचे. धाव दुप्पट करून फेऱ्यांनी गुणायची आणि साठांनी भागायचे. बुलेटचा ५,६२५ फेऱ्यांना येतो सेकंदाला सुमारे १७ मीटर. २००९ साली फॉर्म्युला वनच्या इंजिनांना १८,००० फेऱ्यांची मर्यादा घातली होती. त्यांची धाव जेमतेम ४० मिलिमीटर, म्हणून वेग सुमारे २४ मीटर. आता गंमत अशी, की बुलेटने ८,००० फेरे घेतले तर तिचा पिस्टनही तेवढ्याच वेगाने धावेल. फक्त त्या शर्यतीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह मिटवायला स्प्रिंगांऐवजी दाबाखालचा वायू होता, आणि आमच्या बुलेटमध्ये वडिलांच्या वेळचा रॉड आहे.

तेव्हा मर्यादा ठरवायची ती सर्वांत दुबळ्या भागावरून. रॉड जुना असेल तर कारखान्याच्या आकड्याच्या आसपासच राहावे. रॉड, पिस्टन, बेअरिंग बदलले असतील तर ते बनवणाऱ्याचा आकडा विचारावा. मग डायनोवर गाडी चढवून ताकदीची रेघ पाहावी. ती जिथे एकाएकी थरथरते, तिथे बहुधा व्हॉल्व्ह फडफडत असतात. मर्यादा त्याच्या चारपाचशे फेरे आधी हवी. ह्या आकड्यांतला जो सर्वांत लहान, तो आपला.

आणि गिअर कुठे बदलायचा? वृत्तात यति असतो तसे हे आहे. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर थांबायचे. अलीकडे पलीकडे थांबलात तर चाल मोडते. समजा, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधले प्रमाण १.३५ आहे. ५,६०० फेऱ्यांवर तिसरा टाकला की इंजिन सुमारे ४,१५० वर उतरेल. ४,१५० ला मिळणाऱ्या पिळाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक पीळ ५,६०० ला उरला असेल, तर चाकाला दुसऱ्यातच जास्त ओढ मिळते आहे. तो त्याखाली घसरला की बदलावे. ही जागा बहुधा पूर्ण ताकदीच्या थोडी पलीकडे येते. सुरक्षित मर्यादेच्याही पलीकडे गेली तर मर्यादेलाच मान द्यावा, चार सेकंद मागे राहिलो तरी चालेल. शिवाय पाय हलायला पाव सेकंद लागतोच. पहिल्या गिअरमध्ये फेरे सेकंदाला दोन हजारांनी चढत असतील, तर तेवढ्यात पाचशे वाढले. म्हणून खुणेचा दिवा तितका आधी लागायला हवा.

मर्यादेवर ठिणगी तोडणारी पेटी आता मिळते, आणि ती बसवावीच. पण ती सर्व संकटांतून तारते हा समज घातक आहे. तिसऱ्यात ५,००० फेऱ्यांवर असताना चुकून दुसरा पडला, तर चाकच इंजिनाला ६,७५० वर फिरवते. तिथे ठिणगी तोडून काय होणार? रॉड तुटून इंजिन अडकले की मागचे चाकही अडकते आणि स्वार जमिनीवर येतो. क्लच चटकन दाबण्याएवढा वेळ मिळेलच असे नाही.

विद्यार्थ्याने हे सारे ऐकून घेतले आणि रॉड बदलीपर्यंत ५,६०० वर पेटी लावायचे कबूल केले. जुन्या बुलेटवर फेऱ्यांचा काटा नसे, अँपिअरचा असे. आता तो विकत आणला आहे. हँडलवर कुठे बसवायचा, ह्यावरून बापलेकांत वाद चालू आहे.